परक्याचे सुतक

सुतक कोणाचे धरावे आणि किती दिवस धरावे, याचा आपल्या शास्त्रकारांनी इतका बारीक विचार केला आहे की वाचणाऱ्याला एखाद्या सावकाराची खातेवही उघडल्यासारखे वाटावे. सपिंडाचे दहा दिवस. आचार्य वारले तर शिष्याला तीन रात्री. आपण ज्याच्या राज्यात राहतो तो राजा गेला, तर दिवसा सूर्य असेपर्यंत आणि रात्री तारे असेपर्यंत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हा सारा हिशेब आहे आणि तो वाटतो तितका कोरडाही नाही. कोणाच्या जाण्याने कोणाचे किती तुटते, हे ओळखण्याचाच तो एक यत्न आहे. परंतु मला हवे होते ते कलम मात्र त्यात सापडले नाही. ज्या मनुष्याला आपण उभ्या जन्मात दोनदा, तेही मांडवाच्या अगदी मागच्या रांगेतून पाहिले, ज्याला आपले नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, ज्याचा धर्म निराळा आणि घर सातासमुद्रांपलीकडे, असा मनुष्य गेला आणि आपल्या घशाखाली घास उतरेना, तर त्या अवस्थेला काय नाव द्यावे?

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. उस्ताद झाकीर हुसेन अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथे निवर्तल्याची वार्ता आली. मी देवापुढे समई लावली, आणि मोबाइलवर चार मित्रांना तसे कळविलेही. तासाभरात दुसरी वार्ता आली की नाही, ते जिवंत आहेत. नातलग म्हणतात की प्रार्थना करा. आता आली का पंचाईत! जळती समई विझवावी की तशीच राहू द्यावी? ज्यांच्या नावाने मी डोळे पुसले होते ते त्या क्षणी, दूर कोठे तरी, रोगाने जर्जर झालेल्या फुप्फुसांनी श्वास ओढत होते. जिवंत माणसाचे मी श्राद्धच घालून बसलो होतो. सोमवारी सकाळी वार्ता पक्की झाली. परंतु त्या मधल्या काही घटकांची लाज अजून मनातून गेलेली नाही. शोक करण्याचीही माणसाला घाई असते, आणि त्या घाईत मृताविषयीच्या प्रेमाहून ‘मला प्रथम कळले’ हा अहंकार पुष्कळदा मोठा असतो, हे मला त्या रात्री माझ्याच ठिकाणी दिसले.

सोमवारी दुपारी पान वाढले असता मी तसाच उठलो. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सरळ प्रश्न टाकला, “अहो, ते आपले कोण लागत होते?”

प्रश्नात उपहास नव्हता. म्हणूनच उत्तर देणे कठीण झाले.

येथे एक जुने देणे फेडले पाहिजे. पुण्याला माझा एक भाचा आहे. त्याला पाश्चात्य रॉक संगीताचे वेड. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या चमूचे ढोलवादक चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षी गेले, तेव्हा हा मुलगा दोन दिवस गुमसुम बसला होता. मी त्याची यथेच्छ थट्टा केली. “तुझ्या चार्लीकाकांचा दहावा कोठे करणार? दूधगंगेवर की मुठेवर?” असे काहीबाही बोललो. तो बिचारा हसला. आता त्याच आगीने माझे बोट भाजले, तेव्हा मला त्याचे ते हसणे आठवले. रविवारी रात्री पहिला फोन त्याचाच आला. “मामा, जेवलात का?” एवढेच त्याने विचारले. चार्लीकाकांचा त्याने उच्चारही केला नाही.

माझा नाद कसा लागला हे थोडक्यात सांगतो. सदलग्यास आमच्या घरी सांगली आकाशवाणी लागे, आणि सतारीमागचा अल्लारखाँसाहेबांचा तबला तेथेच प्रथम कानी पडला. पुढे शिक्षणासाठी कोल्हापुरास असताना, १९७८ च्या सुमारास, एका मित्राच्या खोलीवर ‘शक्ती’ची ध्वनिमुद्रिका ऐकली. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर हे कुरळ्या केसांचे तरुण झाकीर. आमच्यापैकी कोणालाच त्या संगीताचे नाव माहीत नव्हते. रॉक म्हणावे तर विजेचा गोंगाट नाही, कर्नाटकी म्हणावे तर गिटार आहे, हिंदुस्थानी म्हणावे तर मातीचा घडा बोलतो आहे. पण त्या तबल्याने माझा पाय जमिनीवर आपटायला लावला, आणि तो पाय आजतागायत थांबलेला नाही. पुढे ते चहाच्या जाहिरातीतून घरोघरी पोचले आणि शाळेतली मुले ‘वाह ताज’ म्हणत बाकावर थाप मारू लागली. काही रसिकांना तेव्हा त्यात उथळपणा दिसला. मला नाही दिसला. बाकावर थाप मारणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने पुढे खरोखरीचा तबला घेतला.

त्यांच्या थोरवीची यादी येथे देत नाही. ती सर्वांना ठाऊक आहे. जन्म ९ मार्च १९५१, मुंबईचा. १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण, २०२३ मध्ये पद्मविभूषण. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक चमूचे ढोलवादक मिकी हार्ट यांच्याबरोबर केलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ला १९९२ मध्ये ग्रॅमी, आणि मृत्यूच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एका रात्रीत तीन ग्रॅमी. मला या साऱ्याहून त्यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. नवजात बालकाच्या कानात वडिलांनी प्रार्थना म्हणावयाची त्यांच्याकडे रीत. अल्लारखाँसाहेबांनी म्हटले ते तबल्याचे बोल. हीच माझी प्रार्थना, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे देवळात नगाऱ्यावर पहिले टिपरू पडते ते काही निराळ्या भावनेने पडते काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शोक करावा की नाही, यावर गीतेचा दुसरा अध्याय आपणा सर्वांस माहीत आहे. जाणता मनुष्य गेलेल्यांसाठी आणि असलेल्यांसाठी शोक करीत नाही, हे तेथील आरंभीचेच सांगणे. आमच्या सदलग्याला तर हे तत्त्व पुस्तकातून वाचावे लागत नाही. दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराज आमच्या गावचे. १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमेचा त्यांचा जन्म. १९६८ मध्ये अजमेर येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, आणि १८ फेब्रुवारी २०२४ रोजी छत्तीसगडातील डोंगरगड येथे सल्लेखना व्रताने देह ठेवला. म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस मी तबलावादकासाठी उपाशी उठलो, त्याच वर्षाच्या आरंभी माझ्या गावचा एवढा मोठा पुत्र गेला होता. तेव्हा जैन शेजाऱ्यांशी बोलताना माझ्या तोंडून ‘वाईट झाले’ असे शब्द गेले. त्यावर एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मास्तर, वाईट कसे? साधले.” अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून, जागेपणी, ठरवून गाठलेला तो मृत्यू, त्याला रडणे म्हणजे त्या साधनेचा अवमान, असा त्यांचा भाव होता.

मी गप्प बसलो. ज्याने सर्व बंध स्वतः सोडले त्याच्यासाठी आपण बंध धरून रडू नये, हे पटण्यासारखे आहे. परंतु तबलावादक काही बंध सोडीत नाही. तो बंध घालतो. सम कोठे येणार हे तो लपवतो, आपल्याला वाट पाहायला लावतो, चुकवतो, आणि अखेर अशा ठिकाणी आणून सोडतो की अनोळखी माणसांनी भरलेल्या मांडवात हजार माना एकाच क्षणी हलतात. त्रितालाच्या सोळा मात्रा वादकाच्या बोटांत असतील, पण त्या सोळांची वाट पाहणे श्रोत्याच्या अंगात असते. वाट पाहणारा नसेल तर सम ही केवळ आणखी एक मात्रा आहे. म्हणून ‘तुमची त्यांची ओळखच नव्हती’ हा आक्षेप मला अर्धाच खरा वाटतो. ते मला ओळखत नव्हते हे खरे. पण मी ज्या जागी बसलो होतो ती जागा त्यांना पूर्ण ठाऊक होती. त्या जागेशीच ते बोलत होते.

नाट्यशास्त्रात स्वाती नामक ऋषींची कथा आहे. पावसाच्या दिवसांत ते पाणी आणावयास तळ्यावर गेले असता कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या धारांचा नाद त्यांनी ऐकला, तो मनात साठवून ते आश्रमात परतले आणि मग चर्मवाद्ये घडली. मला या कथेत नेहमी एक गंमत वाटते. पाऊस स्वातींसाठी पडत नव्हता. पानांना ऋषींची ओळख नव्हती. तरी जे मिळाले ते खरेच मिळाले. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसेल तर देणे खोटे ठरते असे कोठे आहे?

एवढे झाल्यावरही एक अधिक टोकदार आक्षेप उरतो, आणि तो मीच मला घातला. माझ्यापाशी झाकीर हुसेन यांचे जे काही होते, ते सारे अजून माझ्यापाशी आहे. ध्वनिफिती आहेत, तबकड्या आहेत. नातवाच्या यंत्रात तर त्यांचे सारे वादन बोटावर येते. मी त्यांना भेटणार नव्हतो, त्यांच्या घरी जाणार नव्हतो. मग रविवारी रात्री माझे नेमके गेले काय? पत्नी गेलेल्या पुरुषाचे काय जाते हे सांगावे लागत नाही. कन्येच्या मृत्यूची वार्ता कळल्यावर अल्लारखाँसाहेब हृदयविकाराने गेले, ३ फेब्रुवारी २००० रोजी. याला शोक म्हणावे. त्यापुढे माझे ताटावरून उठणे हा तर लाडाचा प्रकार झाला.

पुष्कळ विचार केला तेव्हा एवढे हाती लागले. साठवलेल्या वादनात सम कोठे आहे हे दुसऱ्यांदा ऐकताना मला कळते. शंभराव्यांदा तर बोट आधीच पडते. तेथे मी वाट पाहत नाही, आठवत असतो. जिवंत वादकाच्या ठिकाणी उद्याची एक सम अजून न वाजलेली असते. मी ती ऐकावयास जाईनच असे नाही, पण ती आहे हे पुरेसे असते. ती गेली. ज्याला रसिकाचा शोक म्हणतात तो हा, आणि तो खोटा नाही. मात्र तो लहान आहे, आणि त्याने आपल्या मापात राहावे.

गोमंतकीय वाचकांना लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर यांची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही. एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, पायांनी तिसरा, आणि मुखाने त्याहून निराळा, असे त्यांचे लयीवरील स्वामित्व सांगतात. ते १९५३ मध्ये गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता फारशी उरली नाहीत, तरी जाणकार त्यांचे नाव घेताना कानाची पाळी धरतात. देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या ज्या समाजातून हे कलावंत आले, त्या समाजाला गावाने मान किती दिला आणि काय काय सोसावयास लावले, हा स्वतंत्र विषय आहे. एवढेच म्हणतो की त्यांच्या वादनावर मान डोलावणारे सगळेच त्यांच्या दाराशी समाचाराला गेले असतील, असे मला वाटत नाही.

झाकीर हुसेन स्वतः समाचाराला कसे गेले, हे मात्र साऱ्या देशाने पाहिले. १० मे २०२२ रोजी संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा निवर्तले. अंत्ययात्रेत झाकीर हुसेन यांनी तिरडीला खांदा दिला, आणि नंतर चितेजवळ ते एकटेच उभे असलेले ते छायाचित्र सर्वत्र झळकले. धर्माने परका, गोत्राने परका. पण अनेक दशके दोघांनी एकमेकांची सम सांभाळलेली. शास्त्राने त्यांना एका रात्रीचेही सुतक सांगितले नसते. ते छायाचित्र मी कापून वहीत ठेवले आहे. आमच्या सौभाग्यवतींना उत्तर म्हणून मी तेच काढून दाखवले.

त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “खांदा दिला त्यांनी. आपल्या आबांना तुम्ही दिलात का?”

मी येथेच लेख संपवला असता तर बरे दिसले असते. पण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते.

आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात गुरवआबा चाळीसहून अधिक वर्षे संध्याकाळच्या आरतीला नगारा वाजवीत. मी सात वर्षांचा असताना माझी मनगटे धरून पहिला ठेका त्यांनीच माझ्याकडून वाजवून घेतला. “हात सैल सोड रे, टिपरू आपणहून उठतंय,” असे ते म्हणत. पुढे झाकीर हुसेन यांचे मनगट पाहिले तेव्हा मला जे समजले, ते समजण्याची तयारी या वाक्याने झाली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेला महापूर आला, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी आबा गेले. मी गेलो होतो. नाही असे नाही. पंधरा मिनिटे उभा राहिलो. निपाणीस एक काम होते, मोटारीची वेळ झाली होती. तिरडी उचलण्यापूर्वी निघालो. त्या दिवशी मी दोन्ही वेळा जेवलो.

आता वरचे सारे तर्कशास्त्र या घटनेला लावून पाहा. झाकीर हुसेन यांचे वादन मागे उरले आहे; आबांचा एकही ठेका कोठे साठवलेला नाही. जे गेले ते समूळ गेले. झाकीर हुसेन मला ओळखत नव्हते. आबांनी माझे मनगट धरले होते. आचार्यासाठी तीन रात्री सांगणाऱ्या शास्त्राला विचारले तर त्याने कोणाकडे बोट दाखवले असते, हे उघड आहे. शोक जर तुटलेल्याच्या प्रमाणात व्हावयाचा, तर माझा हिशेब पुरता उलटा पडला होता.

असे का झाले? जवळच्याची किंमत कळत नाही, हे ठरीव उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मला किंमत कळत होती. मला वाटते, मी आबांची वाट कधी पाहिलीच नाही. आरतीच्या वेळी नगारा वाजतो हे मला सूर्य मावळतो तितकेच ठाऊक होते. झाकीर हुसेन यांच्यासाठी मी तिकीट काढले, गाडीने पुण्यास गेलो, थंडीत बसलो. जेथे आपण काही खर्च करतो तेथेच आपले काही गेल्यासारखे वाटते, अशी मनाची एक क्षुद्र रीत आहे. आणि दुसरेही एक आहे. मोठ्या माणसाच्या शोकाला सोबत असते. साऱ्या जगाबरोबर रडताना आपणही थोडे मोठे झाल्यासारखे वाटते. आबांसाठी रडावयाचे तर एकट्यालाच रडावे लागले असते, आणि ‘मास्तरांना काय झाले?’ असे गल्लीने विचारले असते.

याहून लाजिरवाणी गोष्ट सांगावयाची राहिली. आबांच्या पश्चात रोज वाजवणारा कोणी नाही म्हणून देवळात विजेचे यंत्र बसवण्याचे ठरले. आपण ते पुष्कळ देवळांतून पाहिले असेल. एक चक्र फिरते, त्याला जोडलेल्या दांड्या नगाऱ्यावर आणि झांजेवर आपटतात, घंटा हलते. बटण दाबले की आरती सुरू, बटण दाबले की बंद. त्या वर्गणीत माझे पाचशे रुपये आहेत. मी आनंदाने दिले. सोय झाली असेच तेव्हा वाटले. त्या यंत्राचा ताल चुकत नाही. चुकावयाला तो कोणाची वाट पाहत नाही, आणि त्याची वाट पाहणाराही कोणी नाही. आरतीला येणारी मुले आता हातात टाळही धरीत नाहीत, कारण त्या खणखणाटात टाळ ऐकूच येत नाही. सर्वांना समसमान ऐकू जाईल असा आवाज आम्ही विकत घेतला, आणि मुलांच्या मनगटांचे कोणी मनातही आणले नाही.

गेल्या महाशिवरात्रीपूर्वी पंचांची बैठक होती, तेथे मी विषय काढला की निदान सोमवारी यंत्र बंद ठेवावे आणि आबांचा जुना नगारा काढावा. कोणी विरोध केला नाही. देवळाच्या ओवरीत पोत्यांखालून नगारा काढला तेव्हा दिसले की महापुराच्या पाण्याने कातडे सुटून फाटले आहे, तांब्याचे भांडे मात्र शाबूत आहे. तो मढवून घ्यावयाचा तर मिरजेस न्यावा लागेल. तेथे वाद्ये दुरुस्त करणारी घराणी आहेत. खर्चाचे मी पाहीन म्हटले. तेव्हा एका पंचाने विचारले, “मढवून आणाल हो मास्तर, पण वाजवणार कोण?” माझ्या उजव्या खांद्याला आता संधिवात आहे. आबांचा नातू इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला जातो, आणि त्याची सुट्टी असते ती वीज बंद असेल त्या वारी. त्याला लहानपणी आबांनी काही शिकवले होते की नाही, हे गल्लीत कोणालाच सांगता आले नाही. तो पुढच्या खेपेस आला की विचारावयाचे आहे.